सेनापतीचं न वाचलेलं पान

राजेरजवाड्यांची चरित्रं मला आवडत नाहीत. पुण्यात आमच्या संघटनेत मी पत्रकं लिहायचे. पत्रकाचा नियम साधा असतो. पहिल्या ओळीत आरोप, मग पुरावा, शेवटी मागणी. कुणाच्या डोळ्यांत पाणी आणायला त्यात जागा नसते. शिवाय पत्रक वाचणारा उभ्या उभ्या वाचतो, त्याला बस पकडायची असते. असल्या तालमीत तयार झालेल्या हातानं मी न्यू जर्सीत एका मोगल सेनापतीचं चरित्र लिहून काढलं. एकशे चाळीस पानं. ते माझं नव्हतं, एका आंधळ्या होत चाललेल्या डॉक्टरांचं होतं. ते सांगायचे, मी लिहायचे.

मी तेव्हा पिस्कॅटवेला एम. एस. करत होते. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. विद्यापीठानं दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांच्या राज्यात गुंतवलेला पैसा काढून घ्यावा म्हणून आम्ही पायऱ्यांवर ठिय्या देत होतो. त्याचं एक पत्रक मी मराठीत लिहून आपल्या लोकांच्या किराणा दुकानात लावलं. महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी ते फाडलं. फाडता फाडता त्यांना माझं अक्षर आवडलं.

मंडळाचं त्रैमासिक हातानं लिहिलं जायचं, कारण मराठी टाइपरायटर कुणाकडेच नव्हता. कोऱ्या कागदाखाली रेघांचा कागद ठेवायचा, काळ्या बॉलपेननं लिहायचं, निळं पेन चालायचं नाही कारण ते कॉपीत उमटत नाही, आणि डाव्या बाजूला दोन बोटं जागा सोडायची. मग कुणीतरी आपल्या ऑफिसच्या मशीनवर त्याच्या प्रती काढून आणायचं. चांगलं अक्षर असलेली माणसं मंडळात तीन. एक कॅलिफोर्नियाला गेला, एकीला बाळ झालं. राहिले मी.

सेक्रेटरीबाई फोनवर म्हणाल्या, "तुझी मतं तुझ्यापाशी ठेव, आम्हाला फक्त हात दे."

तो हात हवा होता डॉक्टरकाकांना, सेनापतीचं चरित्र लिहून घ्यायला. काका नागपूरचे. साठ-पासष्ट साली इकडे आलेले सर्जन. मधुमेहानं डोळ्यांचा मधला भाग गेला होता, कडेचं तेवढं दिसायचं. माझा चेहरा बघायचा असला की ते माझ्या कानाकडे बघायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा माझ्याकडे बघायला तयार नाही. मी चिडून तसं बोललेसुद्धा. ते हसले. म्हणाले, "बरोबर आहे. तुझ्याकडे सरळ बघितलं की तू नाहीशी होतेस, कॉम्रेडबाई." तेव्हापासून मी कॉम्रेडबाई.

नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं. शाळेत हिंदीही असायचं, आणि त्यात या सेनापतीचे दोहे. पोरवयात पाठ केलेले ते दोहे काकांना पुढे कुठे आठवले, तर व्हिएतनाममध्ये. हे मला माहीतच नव्हतं. ग्रीन कार्ड हातात पडलं आणि पाठोपाठ सैन्याचं पत्र आलं. परदेशातून आलेले डॉक्टरही त्यांनी उचलले होते. काका वर्षभर तिथल्या युद्धाच्या हॉस्पिटलात पाय कापत होते. त्यांचेच शब्द.

"आणि तिथे तुम्हाला दोहे सुचत होते?" मी विचारलं.

"सुचत नव्हते गं. आठवत होते. सुचणारा दुसरा होता. तोही दुसऱ्याच्या सैन्यात होता."

दर शनिवारी सकाळी दहाला मी जायचे. काका खिडकीपाशी बसायचे. काकू चहा ठेवून स्वयंपाकघरात जायच्या. आणि आमचं भांडण सुरू व्हायचं. कारण सेनापतीची गोष्टच तशी होती. त्याचा बाप पोरवयातल्या बादशहाच्या वतीनं राज्य चालवायचा. बादशहा मोठा झाला, बापाला दूर केलं, बाप यात्रेला निघाला आणि वाटेत मारला गेला. हा चार वर्षांचा. त्याला आणून त्याच बादशहाच्या घरात वाढवलं. पुढे हा त्याच घराण्याच्या फौजा घेऊन गुजरातेत गेला, दख्खनेत आला, नगरच्या किल्ल्यापुढे तळ टाकून बसला. आणि रात्रंदिवस माणसं मारण्याच्या त्या धंद्यात हा फारसी, तुर्की, संस्कृत शिकला, आणि गावच्या बायाबापड्यांना कळेल अशा बोलीत कविता करत राहिला.

"बापाचा काटा काढणाऱ्या दरबाराची चाकरी," मी म्हणायचे. "असल्या माणसाला कवी कशाला म्हणायचं?"

"चार वर्षांचं पोर कुठे जाणार होतं? तुझ्या मोर्चात?"

"मोठा झाल्यावर?"

"मोठा झाल्यावर त्याला चांगलं काम येत होतं. ज्याला चांगलं काम येतं, त्याला कुणीही ठेवून घेतं. हे लिहू नकोस."

मी लिहून घेतलं. असं मी बरंच लिहून घ्यायचे.

दिवाणखान्यात टीव्हीवर एक फोटो होता. गणवेशातला मुलगा, कान जरा मोठे, हसू आवरलेलं. मला गणवेशाचा राग. पहिले काही शनिवार मी त्या फोटोकडे पाठ होईल अशी खुर्ची वळवून बसले. त्या फोटोची गोष्ट मला काकांनी नाही, सेक्रेटरीबाईंनी सांगितली. काकांचा एकुलता एक. सतराव्या वर्षी सैन्यात भरती झाला. शाळेच्या कॅन्टीनमध्ये टेबल टाकून बसणारा भरतीवाला, त्याच्याकडे कॉलेजच्या फीची लालूच आणि हेलिकॉप्टरचे फोटो. सतरा वर्षांचा असला की आईबापांच्या सह्या लागतात. काकूंनी दोन आठवडे सही केली नाही. काकांनी समजावलं. मला तर नाही ना खाल्लं सैन्यानं, म्हणाले. काकूंनी सही केली. दीड वर्षानं सरावाच्या वेळी हेलिकॉप्टर पडलं. लढाईसुद्धा नव्हती.

त्याला आता तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत त्या दोघांनी मुलाचं नाव एकमेकांसमोर काढलं नव्हतं, असं सेक्रेटरीबाई म्हणाल्या, आणि त्या घरात बसून मला ते दिसत होतं. "दूध संपलंय." "इन्सुलिन घेतलं का?" "उद्या स्नो आहे म्हणे." एवढंच बोलणं. ओरडणं नाही, रुसणं नाही. मला घरातली भांडणं माहीत होती. हे भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी काका म्हणाले, "आज टरबूज." मला वाटलं खायला. ते नेहमी अडखळत, शब्द बदलत सांगायचे. त्या दिवशी सरळ सांगत गेले, जणू पान समोर होतं. म्हातारपणी सेनापती दरबाराच्या भांडणात सापडला. एका शहजाद्याकडे झुकला, मग दुसऱ्याकडे, आणि कुणाचाच राहिला नाही. कैदेत असताना त्याच्याकडे एक झाकलेलं ताट आलं. आणणाऱ्यानं सांगितलं, बादशहानं टरबूज पाठवलंय. सेनापतीनं रुमाल काढला. ताटात त्याच्या मुलाचं डोकं होतं.

मी लिहीत होते. काका म्हणाले, "आता पुढचं माझं आहे. इतिहासात नाही. तसं कंसात लिही." आणि सांगितलं ते असं:

"या मुलाला दरबाराची वाट बापानंच दाखवली होती. घोड्यावर बसवलं बापानं, तलवार बांधली बापानं, तुला काही होणार नाही असं मुलाच्या आईला सांगितलं बापानं. माणसाला चार-पाच भाषा येत होत्या. माझं चुकलं, हे त्यानं त्यातल्या एकाही भाषेत कुठे लिहून ठेवलेलं सापडत नाही."

पेन थांबलं माझं. आत कुकरची शिट्टी झाली.

"संक्रांतीच्या कार्यक्रमात मला चाळीस मिनिटं दिलीत," काका म्हणाले. "मला दिसत नाही, तूच वाचायचं. काय हवं ते गाळ. हे पान गाळायचं नाही. ती पहिल्या रांगेत बसेल."

मला कळलं. इतकं न कळण्याइतकी मी मठ्ठ नाही. चाळीस मिनिटांत मला एकच काम होतं: एक पान एका बाईच्या कानापर्यंत पोचवायचं. ते मी केलं नाही. कसं, ते सांगते.

कार्यक्रमाला दहा दिवस उरले असताना अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष पुण्याचे, इंजिनियर, आवाज मोठा. "अगं, कमिटीत ऑब्जेक्शन आलंय. नगरच्या किल्ल्यावर चालून आलेला माणूस, त्याचं चरित्र आपण संक्रांतीला वाचायचं? शेम आहे यार. डॉक्टरांचा मान राखायचा म्हणून कॅन्सल करत नाही. पंधरा मिनिटं देतो."

"चाळीस ठरली होती."

"पंधरा. आणि आधी मी दोन शब्द बोलेन, लोकांना बॅकग्राउंड म्हणून."

बॅकग्राउंड! माझं डोकं फिरलं. खरं तर पंधरा मिनिटं त्या एका पानाला भरपूर होती. दोन मिनिटं ओळख, चार मिनिटं पान, आणि खाली बसायचं. पण मला पंधरा मिनिटांत अध्यक्षांना उत्तर द्यायचं होतं. मी पत्रक लिहायला बसले. पहिल्या ओळीत आरोप. मग पुरावा. टरबुजाचं पान मी शेवटी ठेवलं. शेवटी सगळ्यात जास्त लक्षात राहतं, असं मी स्वतःला समजावलं. काकांना विचारलं नाही. कमिटीचं ऑब्जेक्शन त्यांना सांगितलंसुद्धा नाही, म्हाताऱ्याला कशाला त्रास म्हणून.

रविवारी दुपारी हायस्कूलच्या कॅन्टीनमध्ये कार्यक्रम. बाहेर रस्त्याकडेला चिखल झालेला बर्फ. आत मसालेभात, तिळगुळाचे डबे, भरजरी साड्यांवर टोपीवाले जाड पार्का कोट. भिंतीवर सैन्यभरतीचं पोस्टर होतं, त्यावर मंडळाच्या बायकांनी पतंगांचा कागद चिकटवला होता. पोस्टर मोठं आणि कागद लहान, त्यामुळे खालून बूट दिसत होते. काका-काकू पहिल्या रांगेत. काकूंनी काळी चंद्रकळा नेसली होती. काका माझ्या दिशेनं नाही, पडद्याकडे तोंड करून बसले होते, म्हणजे मला बघत होते.

अध्यक्ष दोन शब्द बोलले ते दहा मिनिटं. परकी सत्ता, आपली माती, स्वाभिमान. आपली पुढची पिढी. पुढची पिढी मागे ट्रेमधून चिप्स खात होती आणि एकमेकांना इंग्रजीत ओरडत होती. मी उभी राहिले. आणि वाचायचं सोडून बोलायला लागले.

मी म्हणाले, नगरच्या किल्ल्यापुढे परक्याची फौज घेऊन बसणं वाईटच. पण अध्यक्षसाहेब, तुम्ही जिथे नोकरी करता ती कंपनी क्षेपणास्त्रांचे भाग बनवते, ते कुणाच्या किल्ल्यावर पडणार आहेत? हशा झाला. कुणीतरी म्हणालं, "वा!" अध्यक्ष उठून म्हणाले, "हे पर्सनल होतंय." मी म्हणाले, चाकरी पर्सनलच असते. मागून एका बाईंचा आवाज आला, "पोरी, वाच ना तू!" मी वाचलं नाही. मला रंग चढला होता. खोटं कशाला सांगू, दोन वर्षांत इतके मराठी लोक माझं ऐकायला कधी बसले नव्हते.

आणि मी म्हणाले, "इथे बसलेले आपण सगळेच बादशहाच्या चाकरीत आहोत. कुणी वायरी जोडतं, कुणी औषधं विकतं. पहिल्या रांगेत बसलेल्यांनी तर आपला मुलगा दिलाय."

टाळ्या पडल्या नाहीत.  अध्यक्ष खाली बसले. त्यांचा चेहरा पडला होता. हात वर करून हळूच म्हणाले, "ठीक आहे. ठीक आहे. माझं चुकलं." मी जिंकले. माझ्या आयुष्यात वादात इतकं साफ कुणी हरलेलं मी बघितलं नव्हतं.

काकू उठल्या. पदर खांद्यावर घेऊन म्हणाल्या, "भात गार होतोय, मी बघते." आणि मसालेभाताच्या टेबलाकडे गेल्या. सेक्रेटरीबाईंनी माइक घेतला आणि जेवण जाहीर केलं. ते पान माझ्या हातात होतं.  मी ते बाकीच्या पानांत घातलं.

पुढच्या शनिवारी मी गेले. जायची लाज वाटत होती, पण न जाणं जास्त वाईट. काकांनी दार उघडलं. खिडकीपाशी जाऊन बसले. मीच म्हणाले, "माझी चूक झाली. मी काकूंना घरीच वाचून दाखवते. आत्ता."

"घरी?" काका म्हणाले. "घरी सांगता आलं असतं तर मंडळाच्या दारात कशाला गेलो असतो? तिथे दीडशे माणसं असती. तुझी काकू उठून गेली नसती, मी खाली मान घालून बसलो असतो, आणि गोष्ट सेनापतीची असती. आता ती सेनापतीची राहिली नाही. तू नाव लावलंस तिला."

त्यांचा आवाज चढला नाही. मला वाटलं होतं ओरडतील. मी तयारी करून गेले होते.

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. काकू गवार निवडत होत्या, आपल्या दुकानात गोठवून मिळते तीच, पण तिचीही टोकं बघायची सवय. मी पान त्यांच्यापुढे धरलं. "काकू, हे त्या दिवशी वाचायचं होतं. काकांनी सांगितलं होतं. तुमच्यासाठी."

त्यांनी पान हातात घेतलंसुद्धा नाही.

"मला माहीत आहे काय आहे त्यात," त्या म्हणाल्या. "घर केवढं आहे हे? ते त्या खोलीत सांगतात, मी इथे असते. टरबुजाच्या दिवशी मी गॅस बारीक करून ऐकत उभी होते. म्हटलं आता येतील आत. आता येतील. कुकर झाला, तुझं जेवण झालं, तू गेलीस. ते तिथेच बसून."

त्यांनी पुढची शेंग उचलली. आणि म्हणाल्या, "आणि तू म्हणालीस मुलगा दिला. दिला नव्हता गं आम्ही. सही केली होती. दोन आठवडे नाही म्हटलं आणि मग केली. मी केली. त्यांना एकट्यांना वाटतं त्यांनीच केलं."

"मग हे सांगा ना त्यांना."

"ते आले तर सांगेन."

पंधरा पावलांचं अंतर असेल. मधे दारसुद्धा नव्हतं, नुसती कमान. मला पुन्हा चीड आली, आणि ही चीड खरी होती. मी बाहेर येऊन काकांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. काकूंनी त्या दिवशी ऐकलंय. त्या वाट बघताहेत. सहीचं ओझं त्या स्वतःवर घेताहेत. तुम्ही उठा आणि आत जा. बस्स.

काकांनी माझ्या कानाकडे बघितलं. मग म्हणाले, "कागद घे. शेवटचं प्रकरण. कबर. त्यानं बायकोसाठी बांधलेली कबर, त्यातच त्याला पुरलं. पुढे लोकांनी तिचा संगमरवर काढून दुसऱ्याच्या इमारतीला लावला. लिही."

"मी लिहिणार नाही."

"लिही, कॉम्रेडबाई."

"तुम्ही आधी आत जा."

ते उठले नाहीत. मी पेनचं टोपण लावलं, कोट घातला आणि निघाले. जाताना काकूंनी आतून विचारलं, "जेवून जात नाहीस?" आणि काका बाहेरून म्हणाले, "तिला घाई आहे." बाप रे, मला वाटलं, एवढं तरी बोलले. पण ते माझ्याबद्दल होतं.

एप्रिलात त्यांनी घर विकलं आणि अर्विंगला गेले, टेक्सासात, काकूंच्या भावाजवळ. काकांना बर्फात चालता येत नव्हतं. सामान बांधायला मी दोन दिवस गेले. ती एकशे चाळीस पानं कुठल्या खोक्यात घालू म्हणून विचारलं, तर काका म्हणाले, तुझं अक्षर आहे, तुझ्याकडेच राहू दे. मी काकूंकडे बघितलं. त्या चिकटपट्टी लावत होत्या. गणवेशातला फोटो त्यांनी आपल्या हातातल्या पर्समध्ये ठेवला होता, खोक्यात नाही.

नंतर अध्यक्षांनी स्वतः फोन केला. मंडळ चरित्र छापायला तयार आहे, पूर्ण. ते आता माझ्याशी फार जपून बोलतात, मला ते आवडत नाही. मी म्हणाले, शेवटचं प्रकरण लिहिलेलं नाही. ते म्हणाले, अगं तुला तर येतं लिहिता, लिहून टाक की दोन पानं. मी नाही म्हणाले. कुणाच्या वतीनं बोलणं मी सध्या थांबवलंय. मोर्चात माझ्यापुरतं बोलते.

दर रविवारी दुपारी मी अर्विंगला फोन करते. काकू उचलतात. ऊन किती आहे ते सांगतात, भावाच्या मुलांना मराठी अजिबात येत नाही ते सांगतात. मग फोन काकांना देतात. काकाही ऊन सांगतात. मी दोघांनाही विचारते, प्रत्येक वेळी, लाज सोडून विचारते: बोललात का?

काकू म्हणतात, "त्यांना विचार."

काका म्हणतात, "तिला विचार ना, तिथेच बसलीय ती."